राक्षसाची मोळी

दिंद्रुडला माझ्या कॉम्प्युटर क्लासच्या मागच्या खोलीत दर रविवारी दुपारी आम्ही चौघेपाचजण फासे टाकून लढतो. म्हणजे गोष्ट मी सांगायची, राक्षस मी उभे करायचे आणि बाकीच्यांनी कागदावर एकेक वीर लिहून आणून त्यांना भिडायचं. वीराची ताकद, चपळाई, अक्कल आकड्यांत मांडायची. डाव साधला की हुकला ते वीस बाजूंचा फासा ठरवतो. हा खेळ मी पुण्याच्या होस्टेलात शिकलो. नियमांच्या बाबतीत मी भलताच कडक आहे आणि त्याचा मला अभिमानही होता.

एका वर्षी पावसाळा सरता सरता मी फर्मान काढलं: यंदा जादूटोणा बंद, सगळे वीर मर्दानी खेळातले. खेळाच्या पुस्तकात दूरच्या डोंगरातले संन्यासी हवेत उडून लाथा मारतात. आमच्याकडे कोण उडणार? एकानं लाठीवाला केला, सगळे आकडे ताकदीत ओतले आणि अकलेला काहीच ठेवलं नाही. वीर अगदी त्याच्यावरच गेलाय, यावर आमचं एकमत झालं.

शाळेपासूनचा माझा एक मित्र, तालमीत वाढलेला गडी. त्याच्या कागदावर मात्र वीर दोन निघाले: पैलवान आणि त्याची बायको.

"एका कागदावर एकच," मी म्हणालो.

"एकच हाय की बे. जोडी म्हंजी एक कोयता. एकट्याला मुकादम बी अर्धा कोयता धरतो. तुझ्यासारख्या बिनलग्नाच्याला."

सगळे हसले, मी चिडलो. दसरा झाला की तो आणि वहिनी ऊसतोडीला जातात ते थेट उन्हाळ्यात परततात. फडात तो तोडतो, वहिनी मोळ्या बांधते, आणि मजूर नेणारा मुकादम नवराबायको मिळून एकच कोयता मोजतो. माझ्या पुस्तकात ही मोजणी नव्हती. मी बायको खोडायला लावली. त्याचं तोंड एवढंसं झालं. जायच्या आधी ही जोडी एकदा तरी मैदानात उतरवायची त्याची फार इच्छा होती, आणि रविवार एकच उरला होता.

त्या रविवारी वहिनीही आली, उंबऱ्यापाशी बसली. माझा राक्षस मैदानात आला. मित्रानं धोबीपछाड टाकला, फाशावर अठरा, राक्षस उताणा! पण पुढच्या फेरीला राक्षस उठून उभा. पडलेला उठतो, हा नियमच आहे. पुन्हा पाडला, पुन्हा उठला. चौथ्या खेपेला पैलवानाचीच ताकद दोनावर आली.

"भावजी," वहिनी म्हणाली, "ह्यांनी नुसतं पाडून काय व्हतंय? बांधाया कुणी न्हाईच. तोडून टाकलेला ऊस आपल्या पायानं गाडीत चढतो व्हय?"

खरं सांगतो, लाज वाटली. मी कागद ओढला, खोडलेली बायको पुन्हा लिहिली आणि फासा वहिनीच्या हातात दिला. त्यानं पाडायचं, तिनं बांधायचं, दोन्ही एकाच डावात. मित्रानं राक्षस पाडला. वहिनीनं फासा मुठीत खुळखुळवला, टाकला: एकोणीस. राक्षसाची मोळी बांधून झाली आणि मित्रानं असा शड्डू ठोकला की पत्र्यावरची कबुतरं उडाली. मीही ओरडलो, राक्षस माझा असूनसुद्धा.

निघताना मी विचारलं, "तुम्ही येईपर्यंत या दोघांना गोष्टीत कुठं धाडू? किल्ल्यावर, का जंगलात?"

मित्र वहिनीकडे बघून हसला. "कुटंच नको धाडू."

"ह्या दोघांना तरी संक्रातीला घरी असू द्या," वहिनी म्हणाली.

तेव्हापासून दर हंगामात आमचे बाकीचे वीर राक्षसांमागे रानोमाळ पळतात आणि सगळ्यात तगडी जोडी गावात, आपल्या घरी असते. राक्षस कितीही माजला तरी मी त्यांना बोलावत नाही.