मायच्या पिठाची मूठ

हिंगोली डेपोत पुण्याची गाडी लागली तेव्हा मायनं माझ्या बॅगेत ज्वारीच्या पिठाचं गाठोडं कोंबलं. मी वैतागलो. चाकणच्या कारखान्यात नोकरी लागलेल्या माणसानं पीठ कशाला न्यायचं? तिथं मेस आहे, म्हटलं. माझ्या वडलांना, आबांना, शेळ्यांकडं परतायची घाई होती, ते नुसते हसले. "प्रार्थना सोडू नको, लेकरा," माय म्हणाली. व्हय व्हय म्हणत मी गाडीत चढलो.

आमच्या गावात आमचं एकच घर ख्रिस्ती. चर्च हिंगोलीला, जमेल त्या रविवारी. रोजची प्रार्थना मात्र मायच्या चुलीपाशी. भाकरीसाठी पीठ काढलं की आधी एक मूठ ती वेगळ्या डब्यात टाकायची आणि टाकताना एकाचं नाव घ्यायची. तेही बाहेरच्याचं. घरच्यांसाठी तोंडातून आपोआप निघतं, असं तिचं म्हणणं. "प्रभू, गंगामावशीचं गुडघं बघ." "प्रभू, पाटलाच्या पोरीची सोयरीक जमू दे." पाटील आपल्या देवघरात उदबत्ती लावत असायचे, त्याची मायला काही अडचण नव्हती. डबा भरला की ते पीठ गावात ज्याचं अडलं असेल त्याच्या घरी जायचं.

चाकणला आल्यावर माझी प्रार्थना कशी सुटली ते गावाकडून इकडं आलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगायला नको. शिफ्ट दर आठवड्याला बदलायची. मोबाईलला अलार्म लावला, बायबलचं ॲप घेतलं. पहाटे डोळे मिटले की झोप लागायची. माय फोनवर विचारायची, "प्रार्थना करून राहिला ना?" आणि मी पावसापाण्याचं विचारायचो.

मग लग्न झालं, रूथ आली, खोली घेतली. आमची पोरगी दिवस भरायच्या आधीच झाली आणि तिला काचेच्या पेटीत ठेवलं. डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही. मी वॉर्डाबाहेर उभा राहून डोळे मिटले. 'प्रभू' म्हटलं आणि पुढं एक शब्द सुचेना. इतका मी आयुष्यात कधी घाबरलो नव्हतो. मायला फोन लावला. "माय, मला प्रार्थनाच येईना."

"खोलीवर पीठ हाय ना? जा, मूठ काढ."

"कोणाच्या नावानं? लेकराचं अजून नावबी ठेवलं न्हाई."

"आपल्या लेकराचं काहून? बाजूच्या पेटीत कोणाचं हाय?"

मला असा राग आला! माझी पोरगी श्वासासाठी झगडून राहिली आणि हिला दुसऱ्याचं सुचतंय. तरी बाहेर बाकड्यावर बसलेल्या माणसाला विचारलं. बालाजी त्याचं नाव, लातूरकडचा, टेम्पो चालवायचा. बाजूच्या पेटीत त्याचा पोरगा होता. खोलीवर जाऊन कणकेची मूठ भरली आणि म्हटलं, "प्रभू, बालाजीच्या पोराचा श्वास चालू ठेव." एवढं म्हणालो आणि ढसाढसा रडलो. पाठोपाठ पोरीसाठी जे निघायचं होतं ते सगळं निघालं.

दोन्ही लेकरं घरी आली. देवाचे उपकार कसे फेडू, मला समजत नाही. तेव्हापासून शिफ्ट कोणतीही असो, मूठ चुकत नाही, कारण जेवण चुकत नाही. डबा भरला की ते पीठ बिल्डिंगच्या वॉचमनकडं जातं. गावाकडच्यांनो, तुमचीही नावं इथं घेतली जातात. घर कुठं, असं कोणी विचारलं की मी अजून गावाचंच नाव सांगतो, पण या खोलीतही आता मला परकं वाटत नाही.

यंदा नाताळ झाल्यावर माय पहिल्यांदा चाकणला आली. रूथ कामावर गेलेली, कणीक मी मळत होतो. माय नातीला मांडीवर घेऊन बघत होती.

"आज कोणाचं नाव घेतलं?"

"तुझं."

"बाहेरच्याचं घ्यावं रे. मी बाहेरची झाले व्हय?"

अख्ख्या गावाची नावं घेणारी माझी माय, पण तिच्या नावाची मूठ आजवर कोणी काढली नव्हती. हे माझ्या ध्यानात आलं तसं तिच्याही आलं असावं. तिनं पदरानं डोळे पुसले.

"मनातल्या मनात घेतलं ना? मला ऐकूच आलं न्हाई," ती म्हणाली. "परत घे. मोठ्यानं घे."