डाळीचे तीन दाणे

आमच्या बोईसरच्या इमारतीत समुद्रकाठच्या दातिवऱ्याचे एक गृहस्थ राहतात. नळ, कडी, रिमोट, काहीही हातात आलं की म्हणतात, "यावर पुस्तक लिवायला पायजे." लिहिलेली एक ओळ मात्र मी अजून पाहिलेली नाही.

लिफ्टला नवी सपाट बटणं बसली आणि नजर गेलेल्या माझ्या आईचं एकटीनं देवळात जाणं थांबलं. मी सोसायटीकडे तक्रार केली. या गृहस्थांनी मात्र तळमजल्याच्या बटणावर तुरीच्या डाळीचा एक दाणा चिकटवला, आमच्या मजल्याच्या बटणावर दोन.

"काकी, होडीत आमी दोराला गाठ मारतो. हाताला समजतं, डोळ्यांचं काम नाय."

संध्याकाळी आई एकटी देवळात जाऊन आली.

"भाऊ, तुमचं पुस्तक वाचलं," ती त्यांना म्हणाली. "बारीक आहे, पण सगळं कळलं."