मामांचं मजकुराबाहेरचं बोलणं

गेल्या भाऊबीजेला आमचं सगळं कुटुंब ओवाळणीचं तबक घेऊन इस्पितळाच्या कॅज्युअल्टीत उभं होतं. ज्या आजारी मामांना शोधायला आम्ही तिथे गेलो होतो, ते त्या वेळी माझ्या परळच्या घराबाहेर, कुलूपबंद दारासमोर, शेजाऱ्यांनी दिलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून वडे खात होते. यात चूक कोणाची, यावर घरात चर्चा झाली नाही. चर्चेला वावच नव्हता. चूक माझी होती.

आता ही चूक माझ्यासारख्या बावन्न वर्षांच्या, पापभीरू, जिन्यावरच्या मांजरालासुद्धा ‘जरा सरकतेस का’ म्हणणाऱ्या माणसाच्या हातून कशी झाली, ते सांगायचं तर आधी माझ्या धंद्याबद्दल सांगायला हवं.

मी घरी बसून परदेशातल्या डॉक्टरांचं बोलणं टाइप करतो. डॉक्टर पेशंट तपासतात, मग फोनवर भराभर बोलून टाकतात. त्या बोलण्याचा नीट रिपोर्ट करायचा, हे माझं काम. (हल्ली पहिला मसुदा संगणकच करतो आणि मी त्याच्या चुका काढतो. म्हणजे पूर्वी मी डॉक्टरांचं ऐकत होतो, आता डॉक्टरांचं आणि संगणकाचं, दोघांचं ऐकतो.) कानाला हेडफोन, पायाखाली पेडल. पेडल मागे दाबलं की बोलणं मागे जातं, पुन्हा ऐकता येतं. या पेडलने माझा पाय कायमचा बिघडवला आहे. बाजारात कोळीण भाव भरकन सांगून गेली तरी माझी टाच रस्त्यावर दाबली जाते. ती काही मागे जात नाही. गिऱ्हाईक मात्र मागचं पुढे जातं.

डॉक्टर कसे बोलतात म्हणाल, तर सँडविच खात बोलतात, गाडी चालवत बोलतात. एक म्हातारे डॉक्टर तर नळ सोडून हात धुता धुताच बोलतात. त्यांची सर्दी मला त्यांच्या बायकोच्या आधी कळते. त्यांच्या कुत्र्याचं नाव मला माहीत आहे. गेल्या हिवाळ्यात तो कुत्रा वारला तेव्हा मला दोन दिवस जेवण गेलं नाही. मी या जगात आहे हे मात्र त्या डॉक्टरांना ठाऊक नाही. दिवसभर कानात माणसं बोलत असतात आणि संध्याकाळी हेडफोन काढला की खोलीत फक्त फ्रीजचा आवाज येतो. आई गेल्यापासून तर तो जास्तच येतो.

या कामाचे दोन नियम माझ्या हाडात मुरले आहेत. एक, डॉक्टर ‘बाकी सगळं नॉर्मल’ म्हणाले की आपण स्वतः काही लिहायचं नाही. त्यांचा ठरलेला परिच्छेद साठवून ठेवलेला असतो, तो कळ दाबून चिकटवायचा. दुसरा, डॉक्टर फोन बाजूला धरून नर्सशी किंवा आणखी कोणाशी जे बोलतात ते रिपोर्टमध्ये घ्यायचं नाही. ते मजकुराबाहेरचं. आपल्याला ते ऐकूच आलं नाही असं समजायचं.

आता मामा. मामा म्हणजे आईचा एकुलता एक भाऊ. शिवडीला गोदीजवळ चौथ्या मजल्यावर मुलगा नितीन आणि सून वैशाली यांच्याबरोबर राहतात. आई होती तोवर एकही भाऊबीज त्यांनी चुकवली नव्हती. नारळ आणि साडी घेऊन यायचे, आमच्या तळमजल्यावरच्या खोलीत पाटावर बसायचे आणि ‘बाय, आटप गो’ म्हणून आईला घाई करायचे. मग मामांना अर्धांगाचा झटका आला. ते इस्पितळात असतानाच इकडे आई गेली, आणि मामांना ते आम्ही महिन्याभराने सांगितलं. त्यानंतर त्यांना एकच ध्यास लागला होता, एकदा बायच्या घरी जाऊन बसायचं. पण मध्ये चार मजले होते आणि लिफ्ट नव्हती.

झटक्यानंतर मामांचं बोलणं कोणालाच कळेना. तेव्हा अँटॉप हिलहून माझ्या ताईचा फोन आला.

“दिलू, तू त्या गोऱ्या डॉक्टरांचं तोंडात घास असलेलं बोलणं समजून घेतोस. मग मामा तर आपलेच आहेत.”

“ताई, ते इंग्रजी असतं.”

“मग हे सोपंच जाईल.”

तर असं ठरलं की मामा फोनवर बोलून ठेवणार, वैशाली ते मला पाठवणार आणि मी स्वच्छ लिहून कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणार. मला काम आवडलं. कोणीतरी मराठीत बोलत होतं. मी अगदी नेकीने ते केलं, आणि तिथेच घात झाला, कारण मला नेकीने काम करण्याची एकच पद्धत येते. मामांचा खोकला काढला. पुन्हा पुन्हा आलेली वाक्यं काढली. वैशालीशी मध्येच बोललेलं काढलं. शिवाय मामांचाही एक ठरलेला परिच्छेद बनवून ठेवला: ‘माझी तब्येत ठीक आहे. जेवण, झोप व्यवस्थित. सर्वांनी शिवडीला येऊन भेटावे. सर्वांस आशीर्वाद.’ मामा ‘बाकी काय नाय’ म्हणाले की मी कळ दाबायचो.

दिवाळीच्या आधी मामांचा निरोप आला. मला तो पहिल्या झटक्यात कळला, पेडलसुद्धा लागलं नाही. “भाऊबीजेक दुपारी सगळ्यांनी जेवूक येवा. बाकी काय नाय.” मग त्यांनी फोन बाजूला केला आणि ते वैशालीला म्हणाले, “दिलूच्या घराक जावया गो. बायच्या घराक. माका थंय बसाचा आसा.”

हेही मला स्वच्छ ऐकू आलं. म्हणूनच तर अपराधी वाटतं. पण ते मामा सुनेशी बोलत होते, फोनशी नव्हे. मजकुराबाहेरचं. मी ते काढलं, कळ दाबली आणि ग्रुपवर गेलं: ‘भाऊबीजेला दुपारी सर्वांनी जेवायला यावे. माझी तब्येत ठीक आहे. जेवण, झोप व्यवस्थित. सर्वांनी शिवडीला येऊन भेटावे. सर्वांस आशीर्वाद.’ खरं सांगायचं तर माझ्या घरी कोणी जेवायला येईल, ही गोष्ट मला नोंद करण्याजोगी वाटलीच नाही. आईच्या वर्षश्राद्धानंतर माझ्याकडे आलेला शेवटचा माणूस मीटर बघायला आला होता.

वैशालीने ग्रुप वाचला नाही. (“मी समोरच उभी होते ना ऐकायला, भाऊजी. वाचू कशाला?”) मला तिने विचारलंही नाही, कारण ज्याने टाइप केलं त्याला काय विचारायचं? उलट, दिलूभाऊजी एकटे काय रांधणार म्हणून तिने पहाटेपासून काळ्या वाटाण्यांची उसळ आणि वडे केले.

भाऊबीजेला मी मिठाईचा पुडा घेऊन शिवडीला गेलो. चौथ्या मजल्यावर पोचलो तर दाराला कुलूप आणि जिन्यात सगळे नातेवाईक. पैठणी नेसलेली ताई तबक मांडीवर घेऊन वरच्या पायरीवर बसली होती. आमचे भावजी, म्हणजे तिचे यजमान, खालच्या पायरीवर चकली खात होते.

“नितीनला फोन लाव,” ताई म्हणाली.

मी लावला. फोन कुलपाच्या आत वाजला. सगळे एकमेकांकडे बघू लागले. वैशालीला लावला, तिने उचलला नाही. (तो पिशवीत, वड्यांच्या डब्याखाली होता.)

समोरच्या दारातून एका काकूंनी डोकं काढलं. “तुमाला म्हायत नाय? मामांना खुर्चीत बसवून चौघांनी खाली नेलं. टॅक्सीत घातलं.”

“कसे होते?” ताईने विचारलं.

“डोळे मिटलेले होते बाई.”

(चौथ्या मजल्यावरून खुर्चीत उलटं उतरवलं तर कोणीही डोळे मिटेल. पण हे नंतर सुचलं.)

ताई माझ्याकडे वळली. “तू अर्धा डॉक्टर आहेस. सांग, काय झालं असेल?”

मला त्या वेळी गप्प बसता आलं असतं. पण माझी अडचण लक्षात घ्या. धडधाकट माणसाबद्दल कोणी डॉक्टर मला काही सांगतच नाही. मला माहीत असलेली सगळी माणसं एकतर आजारी आहेत किंवा बरी होता होता दगावली आहेत. मी आठवेल ते सांगत गेलो: दुसरा झटका, फुप्फुसात गुठळी, जंतुसंसर्ग, श्वसननलिकेत अडकलेला घास. भावजींनी चकली खाली ठेवली. ताई उठली, आणि तिच्यामागून सगळा जिना उठला.

तीन टॅक्स्या करून आम्ही परळला मोठ्या इस्पितळात आलो. कॅज्युअल्टीच्या दारावर सुरक्षारक्षकाने ताईचं तबक बघितलं.

“मॅडम, इथं निरांजन पेटवायचं नाय. आत ऑक्सिजन असतो.”

“मी काय पेटवायला आलेय का?” ताई रडवेली झाली. “माझे मामा आहेत हो आत.”

त्याने आम्हाला सोडलं. आत एक फळा होता, आणि त्यावर इंग्रजी आद्याक्षरांत पेशंटची हकिगत. फळ्यासमोर पन्नास माणसं उभी होती आणि त्यात ती आद्याक्षरं कळणारा नातेवाईक मी एकटाच. आयुष्यात पहिल्यांदा सगळं कुटुंब माझ्या मागे उभं राहून माझ्याकडे बघत होतं. मी चष्मा पुसला. एका ओळीवर बोट ठेवलं: पुरुष, वय अठ्ठ्याहत्तर, डाव्या अंगाला पक्षाघात. मामाच. पुढे फक्त चार अक्षरं होती, एल-ए-एम-ए.

“म्हणजे काय रे?” भावजींनी विचारलं.

मी गंभीरपणे म्हणालो, “म्हणजे डॉक्टरांचा सल्ला न मानता पेशंट स्वतःच्या जबाबदारीवर निघून गेला.”



“मामा पळाले?” ताई म्हणाली.

“पळतील कसे?” भावजी म्हणाले. “त्यांना संडासला दोघं धरून नेतात.”

“पण फळ्यावर तसं लिहिलंय,” मी म्हणालो. आद्याक्षरांचा अर्थ अगदी अचूक होता, त्यामुळे मी माघार घेईना. दोघेजण रिकाम्या स्ट्रेचरांकडे बघून आले. भावजी फाटकापर्यंत जाऊन आले. शेवटी टेबलामागचा कारकून कंटाळून म्हणाला, “तुम्ही सांगताय त्या नावाचा पेशंट आलाच नाय हो. फळ्यावरचा तो कालचा हाय, कोणी पुसला नाय.”

तेवढ्यात माझा फोन वाजला. वैशाली.

“भाऊजी, कुठे आहात? आम्ही कधीचे तुमच्या दारात बसलोय. आता तुमचे शेजारी वडे संपवतायत.”

“माझ्या दारात कशाला?”

“कशाला म्हणजे? तुम्हीच तर लिहिलंत ना ग्रुपवर?”

माझा पाय कॅज्युअल्टीच्या फरशीवर दाबला गेला. पण काहीच मागे गेलं नाही.

इस्पितळापासून माझं घर चालत जाण्याइतकं जवळ आहे. तेवढ्या अंतरात ताईने ग्रुप उघडला, माझा निरोप मोठ्याने वाचला आणि पुढे माझ्याशी एक शब्द बोलली नाही. (बोलली असती तर बरं झालं असतं.)

मामा दारासमोरच्या खुर्चीत बसले होते. नवा सदरा, मांडीवर नारळ आणि साडीचा पुडा. साडी आणली होती, आई नसताना. मला बघून त्यांनी उजवा हात उचलला. “खंय होतस रे?”

“तुम्हाला शोधायला गेलो होतो, मामा.”

“माका? मी हंयच आसंय.”

मी कुलूप उघडलं आणि सगळे आत आले. तेव्हा मला कळलं की माझ्या घरात एक खुर्ची आणि दोन ताटं आहेत. आईचा पाट मात्र होता, पलंगाखाली. त्यावर बसवणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मामांना माझ्या कामाच्या खुर्चीत बसवलं आणि पाट त्यांच्या पायांखाली दिला. पेडल मी पायाने आत सरकवलं. मामांनी पुडा आईच्या तसबिरीखाली ठेवला. ताईने आईच्या वतीने त्यांना ओवाळलं. मग मामा तसबिरीकडे बघून बराच वेळ काहीतरी बोलले. सगळे सवयीने माझ्याकडे वळले.

“काय म्हणाले?” ताईने विचारलं. इस्पितळ सोडल्यावरचं तिचं माझ्याशी हे पहिलं बोलणं.

मी ऐकलं होतं. पण कळलं नव्हतं, एक अक्षरही. “नाही कळलं,” मी म्हणालो. “मामा, पुन्हा सांगता?”

मामा तोंडाच्या एका बाजूने हसले. “तुका नाय सांगूक. बायक सांगलंय.”

उरलेले वडे आम्ही वर्तमानपत्रावर खाल्ले. खूप गर्दी होती. फ्रीजचा आवाज अजिबात आला नाही.

सगळे गेल्यावर मी मामांचे जुने निरोप पुन्हा लावले, या वेळी शेवटपर्यंत. जवळजवळ प्रत्येकाच्या अखेरीस मामा फोन बाजूला धरून वैशालीला तेच म्हणत होते, “दिलू जेवलो काय, इचार गो तेका.” प्रत्येक वेळी ते मला ऐकू आलं होतं. प्रत्येक वेळी मी नियमाप्रमाणे काढून टाकलं होतं.

तेव्हापासून मी ठरवलंय की मामांचं काहीही गाळायचं नाही. पुढचा निरोप आला तो मी खोकल्यासकट, पूर्णच्या पूर्ण ग्रुपवर टाकला. शेवटची ओळ होती: ‘दिलू जेवला का, त्याला कोणीतरी विचारा.’

लगेच ताईचा फोन आला.

“दिलू, स्वतःच्या जेवणाची चौकशी स्वतःच ग्रुपवर टाकतोस होय रे? इतकं एकटं वाटत असेल तर सरळ सांगावं माणसाने. चल, ये जेवायला.”

मी तिला खरं काय ते सांगणार होतो. पण घरी मासे केले आहेत म्हणाली, म्हणून मी ते वाक्य गाळलं.