पत्तेवार सरांची बाज

पत्तेवार सर दगड चाटायचे. हे मी बदनामी म्हणून सांगत नाही. नांदेडच्या आमच्या कॉलेजात ही गोष्ट शिपायापासून प्राचार्यांपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. कुठे विहिरीचं खोदकाम चाललेलं दिसलं की सर स्कूटर बाजूला लावत, ढिगाऱ्यातला एखादा तुकडा उचलत, शर्टाच्या बाहीला पुसत आणि लहान मुलाने गारेगार चाखावं तसा जिभेला लावत. मजूर काम थांबवून बघत राहायचे. "चिकटला तर माती व्हायला लागली, न्हाई चिकटला तर अजून पक्का दगड हाय," असं त्यांनाच समजावून सर पुढे निघायचे.

मी मराठी शिकवायला रुजू झालो त्या दिवशी स्टाफरूममध्ये त्यांनी माझ्या हातावर एक लाल खडा ठेवला आणि म्हणाले, "चाटा." नवीन माणूस, नाही कसं म्हणणार? चाटला. खडा जिभेला असा चिकटला की सगळी स्टाफरूम हसली. सर मात्र गंभीर होते. "लाव्ह्याच्या दोन थरांमधली माती हाय ही. पहिला थर थंड झाला, झिजला, त्याची माती झाली. मग वरून दुसरा लाव्हा आला आन् तिला भाजून गेला. आपल्या पायाखाली अशी पोळ्यांची चळत हाय. मराठीच्या माणसाला हे वाचता आलं पाहिजे. गाव कोणतं?"

"औशाजवळ आहे, सर."

"मग बसा, औसेकर."

तेव्हापासून मी औसेकर. माझं आडनाव जाधव आहे, हे त्यांना माझ्या मुलाच्या लग्नपत्रिकेवरून कळलं आणि ते त्यांनी फारसं मनावर घेतलं नाही.

सर मूळचे देगलूरचे. घरात तेलुगू, वर्गात मराठी, शेजारच्या किराणावाल्या मोईनभाईंशी दख्खनी, आणि राग आला की तिन्ही एकदम. पृथ्वीच्या पाठीचे मोठमोठे तुकडे सरकत असतात, हे ते फळ्यावर कधीच शिकवत नसत. लग्नात अंथरतात तसलं एक जुनं जाजम त्यांनी वर्गात आणून ठेवलं होतं. एका पोराला भिंतीशी जाजमाचं टोक धरायला लावायचे आणि दुसऱ्या टोकाने स्वतः ढकलायचे. "ही भिंत म्हणजे हिमालयापलीकडचा मुलूख. आपण समदे या जाजमावर बसून तिकडं सरकून राहिलो. किती? तुमची नखं वाढतात ना, साधारण तेवढं. भिंतीपाशी सुरकुत्या पडल्या, त्यो हिमालय. आता बघा, मधी कुठं जुनी शिवण हाय का? हाय! ढकलणं चालूच ऱ्हायलं की एखाद्या दिवशी तीच उसवती, त्यो भूकंप." पोरं म्हणायची, "सर, कधी उसवणार?" सर जाजम सोडून द्यायचे. "एवढं सोडून काय बी विचारा. जो कोणी तारीख सांगंल त्याला माझ्याकडं आणा, मी त्याला दगड चाटायला लावतो."

कॉलेजच्या मागच्या गल्लीत सर आणि मी शेजारी राहायचो. त्यांच्या घरात माणसं दोन आणि दगड असंख्य. वहिनी म्हणायच्या, "भावजी, लोकांच्या घरात पाहुणे येतात आणि जातात. आमच्याकडे येतात ते जातच नाहीत." धान्याच्या डब्यात गारगोट्या, दिवाणाखाली काळे कातळ, आणि देवघरात शाळिग्रामाशेजारी कसलातरी हिरवा खडा. वहिनी रोज त्यालाही हळद-कुंकू लावत. "पूजा चालू द्या," सर म्हणायचे, "फक्त पाणी घालू नका, विरघळंल."

मग किल्लारीचा भूकंप झाला. आमच्या गावात थोरल्या भावाचं घर पडलं आणि त्याची धाकटी मुलगी गेली. सर माझ्याबरोबर गावी आले होते. पडलेल्या भिंतीपाशी ते बराच वेळ उकिडवे बसले. त्या दिवशी त्यांनी एकही दगड जिभेला लावला नाही. परतताना एस.टी.त म्हणाले, "दगडाची चूक न्हाई, औसेकर. आपली भिंत म्हणजे दोन भिंती असतात. बाहेरची एक, आतली एक, मधी नुसता भराव. हलली की दोघी दोन दिशेला जातात. दोघींना धरून ठेवणारा आरपार दगड कुणी घातलाच न्हाई. आन् वर मातीच्या छताचं माळवद. गळतंय म्हणून दरसाल नवी पांढरी माती टाकायची, जुनी मातर काढायची न्हाई. पोटच्या पोरांच्या डोक्यावर आपणच डोंगर वाढवत ऱ्हातो."

त्यानंतर सरांचं एक नवं वेड सुरू झालं. कुठल्याही हॉटेलात चहा आला की ते बिस्किटांचे दोन पुडे मागवायचे. ताटलीत बिस्किटांच्या दोन समांतर भिंती रचायच्या, मधल्या फटीत चुरमुरे भरायचे, वर ओल्या मातीऐवजी शिऱ्याचा गोळा ठेवायचा आणि ताटली हलवायची. धाडकन सगळं खाली. मग पुन्हा रचायचं, पण या खेपेला मध्येमध्ये एकेक बिस्किट आडवं, दोन्ही भिंतींना धरून, आणि शिरा अगदी थोडा. ताटली हलायची, भिंत उभी. हॉटेलातली गिऱ्हाइकं टाळ्या वाजवायची. प्रयोग संपला की पडलेलं घर सर खायचे आणि उभं राहिलेलं मला द्यायचे.

त्याच सुमारास गावोगावच्या गवंड्यांना भिंत कशी रचावी हे दाखवणारं एक पथक निघणार होतं. कॉलेजतर्फे सरांचं नाव गेलं. इतका आनंदलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. नव्या चपला घेतल्या, जाजमाला ठिगळ लावलं. "औसेकर, तुमच्या तालुक्यापासनं सुरू करतो. पहिली भिंत तुमच्या भावाची."

आता जे सांगायचं आहे, ते इतकी वर्षं नांदेडात एक विनोद म्हणून सांगितलं जातं. तो विनोद चुकीचा आहे.

त्या आठवड्यात शहरात एक-दोनदा जमिनीतून गुरगुर ऐकू आली होती. भांडी वाजली, इतकंच. पण किल्लारी ताजी होती. आणि नेमक्या त्याच आठवड्यात वहिनींनी सरांना निर्वाणीचं सांगितलं, "या खोलीत एक तर दगड राहतील, नाहीतर तुम्ही." सरांनी शांतपणे विचार केला, दगडांना खोली दिली आणि आपली बाज अंगणात आणून टाकली.

सकाळी मोईनभाईंनी कुंपणावरून मला विचारलं, "क्यों मास्टर, सर बाहर काय कू सो रै?"

मला कारण माहीत होतं. रात्रीचं भांडण भिंतीपलीकडून मी शब्दन् शब्द ऐकलं होतं. मी म्हणालो, "सर काही बोलत नाहीत, मोईनभाई. पण ते उगीच काही करत नाहीत, एवढं खरं."

वाक्यातला शब्दन् शब्द खरा होता. मराठीचा प्राध्यापक ना मी.

संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या बाजा रस्त्यावर आल्या. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गल्लीतल्याही आल्या. भूगर्भशास्त्राचा प्राध्यापक बाहेर झोपतोय म्हणजे त्याला काहीतरी ठाऊक असणार! सर दारोदार फिरून सांगू लागले, "अहो, माझं बायकोशी भांडण झालंय!" लोक एकमेकांकडे बघून मान हलवायचे. "सरकारनं बोलायला मना केलं असंल त्यांना."

मी हे गंमत म्हणून केलं, असं पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. खरं असं आहे की पुतणी गेल्यापासून छताखाली माझा डोळा लागत नव्हता. जरा भांडं वाजलं की मी घामाने भिजायचो. एकट्याने बाज बाहेर काढली असती तर अख्ख्या कॉलेजने मला भित्रा म्हटलं असतं. मला सरांच्या बाजेचा आडोसा हवा होता. गल्ली बाहेर आली आणि मला कित्येक महिन्यांनी झोप लागली.

प्राचार्यांनी सरांना बोलावलं आणि शेजारी म्हणून मलाही. "भूकंप येणार असं सरांनी तुम्हाला सांगितलं होतं का?" मला फक्त 'नाही' म्हणायचं होतं. मी म्हणालो, "मला नक्की सांगता येणार नाही." सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मग खिडकीबाहेर पाहू लागले. अफवा पसरवणाऱ्या माणसाला गावात कसं पाठवायचं, म्हणून पथकातून त्यांचं नाव वगळलं गेलं. दुसरंच कोणीतरी गेलं. त्यांनी पडद्यावर चित्रं दाखवली आणि संध्याकाळी ते परत आले.

सर थांबले नाहीत. रविवारी पिशवीत बिस्किटं आणि चुरमुरे घेऊन एस.टी.त बसायचे, कधी हदगाव, कधी देगलूर, कधी औसा. बाजारात जागा मिळेल तिथे ताटली मांडायचे. पण सरकारी जीपमधून येणाऱ्याचं लोक ऐकतात. एस.टी.तून बिस्किटं घेऊन उतरणाऱ्याभोवती पोरंच जास्त जमतात. "आज श्रोते लई," सर परत आल्यावर सांगायचे, "भिंत उभी ऱ्हायली, पण पोरांनी खाल्ली." माझ्या भावाची नवी भिंत मात्र त्यांनी स्वतः उभं राहून रचून घेतली. गवंडी वैतागून गेला होता.

आम्ही दोघं निवृत्त झाल्यावर एका संध्याकाळी चहा पिताना मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला.

"म्हाईत हाय मला."

"केव्हापासून?"

"तेव्हापासनंच. बाहेर माझ्या शेजारी घोरून राहिले होते तुम्ही. इतकं सुखानं घोरणारा माणूस म्या पाहिला न्हाई."

"मग प्राचार्यांसमोर बोलला का नाहीत?"

"काय बोलू? मराठीचा प्राध्यापक भितो म्हणून? पोरांनी तुम्हाला फळ्याजवळ उभं राहू दिलं नसतं. मला तर समदे आधीच येडा म्हणत होते." मग ते म्हणाले, "गावं हातातनं गेली, त्याचं मातर वाईट वाटतं, औसेकर. अजून वाटतं. लोकांना सांगा कधीतरी खरं काय ते. दगडाला घाई नसती, पण तुमचं वय झालंय."

मी 'सांगतो' म्हणालो. आणि सांगितलं नाही.

गेल्या वर्षी सर गेले, त्यांच्याच खोलीत, दगडांच्या सोबतीने. वहिनींनी शेवटी दोघांनाही एकाच खोलीत राहू दिलं होतं. शोकसभेत एकाने मोठ्या प्रेमाने आठवण सांगितली, "सरांनी एकदा अख्खी गल्ली रस्त्यावर झोपवली होती!" सभागृह हसलं. सवयीने मीही हसलो. पुढच्या रांगेत बसलेल्या वहिनींनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. त्या हसल्या नव्हत्या.

परवा दुपारी पुन्हा गुरगुर झाली. भांडी वाजली, पंखा हलला. लोक बाहेर आले आणि जुन्या सवयीने सगळ्यांनी सरांच्या अंगणाकडे पाहिलं. अंगण रिकामं होतं. मग सगळे माझ्याकडे वळले. मोईनभाईंची सून म्हणाली, "चाचा, तुम्ही त्यांच्यासोबत होता ना? काय करायचं? बाहेर झोपायचं का?"

मी घरात गेलो आणि माझी बाज ओढत अंगणात आणली. गल्लीत कुजबुज सुरू झाली.

"थांबा," मी म्हणालो, "मला काही कळलेलं नाही. भूकंप कधी येणार हे कोणालाच सांगता येत नाही, सर जन्मभर हेच सांगत होते. मी भितो, म्हणून बाहेर झोपणार आहे. त्या वेळीही मीच भीत होतो. सरांची बाज बाहेर होती ती दगडांवरून झालेल्या भांडणामुळे. ते मला माहीत होतं, तरी मी तुम्हाला भलतंच भासवलं. आता बाकीचं बोलणं राहू द्या, कोणाकोणाची कपाटं भिंतीला ठोकलेली नाहीत, ते सांगा."

मग पलीकडच्या दारातून मोईनभाई काठी टेकत बाहेर आले. मागून त्यांचा मुलगा बाज घेऊन येत होता. "इत्तीच बात थी, मास्टर?" ते म्हणाले. "अरे, मैं भी डरताऊं. तुम पहले बोलते तो सर की नाक तो नै कटती."

माझी बाज एका पायाने डुगडुगत होती. वहिनींनी ते ओट्यावरून पाहिलं, आत गेल्या आणि सरांच्या खोलीतला एक चपटा दगड आणून माझ्या हातात दिला. "पायाखाली घाला, भावजी."

मी तो शर्टाच्या बाहीला पुसला. गल्ली बघत होती, तरी जिभेला लावला. चिकटला नाही. पक्का दगड. मग वाकून बाजेच्या पायाखाली सरकवला.

बाज हलायची थांबली.