आत्याबाई सांगते लेखकाची पत्रिका

लोक तिला आत्याबाई म्हणायचे, आणि त्या नावाचा तिला मनस्वी राग होता. शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत, खिडकीशी टेबल टाकून ती पत्रिका मांडायची. वडिलांची विद्या. वडील गेले तेव्हा धाकटा भाऊ शाळेत होता. त्याचं शिक्षण, त्याचे कपडे, त्याचा पहिला टाइपरायटर, सगळं त्या टेबलावरून निघालं. खडे विकणं नाही, तोडगे नाहीत. माणूस समोर बसला की ती चष्मा पुसायची आणि म्हणायची, "वाईट वाटून घेऊ नका, पण..." पुढे जे असेल ते तोंडावर. कुणी हसलंच तर डाफरायची, "हसू नका, खरं सांगतेय." तरीही गिऱ्हाईक टिकून होतं, यातच काय ते आलं.

भाऊ लेखक झाला. अंतराळातल्या विनोदी गोष्टी लिहायला लागला. त्या गोष्टींत एक भरकटलेलं यान होतं, आणि यानात भविष्य सांगणारं यंत्र. नाव आत्याबाई. त्याची मुलगी हिला आत्या म्हणायची, तिथूनच उचललेलं. यान शनीच्या कड्यांत अडकून गरगरतंय, खलाशी उलटेपालटे होतायत, आणि यंत्र आपली काच पुसून म्हणतंय, "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्यावर शनीची नजर आहे. हसू नका, खरं सांगतेय." वाचणारे हसून हसून लोळले. पुस्तकामागून पुस्तकं निघाली.

पहिलं पुस्तक हातात ठेवताना तो म्हणाला होता, गंमत आहे गं ताई. तिनं वाचलं आणि ती आतून करपली. पाठच्या भावानं केसानं गळा कापावा! त्याहून कहर म्हणजे हाच भाऊ प्रत्येक पुस्तकाचं बाड प्रकाशकाला द्यायच्या आधी मागच्या जिन्यानं यायचा आणि विचारायचा, कधी देऊ? बुध कुठंय? ती दिवस सांगायची, तो त्याच दिवशी बाड द्यायचा. पुस्तक गाजलं की मुलाखतीत ठोकून द्यायचा, ज्योतिष म्हणजे शुद्ध थापा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच.

इकडे तिची गिऱ्हाइकं रोडावली. उरली त्यांतली निम्मी नुसतं ते वाक्य ऐकायला यायची आणि ऐकलं की फिदीफिदी हसायची. ती वाक्य गिळायला गेली की जीभच अडखळायची. जन्माची सवय, जाते थोडीच? एकदा ती भावाला म्हणाली, तू माझ्याकडे येतोस हे एकदा चारचौघांत सांग, म्हणजे माझी अब्रू मला परत मिळेल. सांगेन, तो म्हणाला. नक्की सांगेन.

मग त्याच्या पोटात गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, उशीर नको, लगेच ऑपरेशन करू. हा आला मागच्या जिन्यानं. ताई, दिवस काढून दे. तिनं पत्रिका उघडलीसुद्धा नाही.

"चुलीत गेली पत्रिका," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. आजच्यासारखा दिवस नाही."

पण इतकी वर्षं समोर बसून तोही पाहायला शिकला होता. त्यानं टेबलावरची ग्रहांची कोष्टकं ओढली, बोट फिरवलं. मंगळ वाकडा आहे, म्हणाला, तू मला फसवतेयस. तिनं त्याला दंडाला धरून जिन्यापर्यंत ओढलं, पाया पडते म्हणाली. तो मंगळ सरकायची वाट बघत बसला. मंगळ सरकला, तोवर गाठ नको तिथं पसरली होती. घरी मुलीला त्यानं सांगितलं होतं, हातातली गोष्ट पुरी करतो आणि जातो. तो गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी तेच छापलं: जिवापेक्षा लेखणी मोठी मानणारा माणूस.

प्रकाशकानं आठवणींची सभा ठेवली. हिनं स्टेजवर येऊन भावाची पत्रिका सांगायची, अशी त्याची कल्पना. लोकांना आवडेल म्हणाला. एरवी तिनं त्याला जिन्यावरून ढकलून दिला असता. पण मनात आलं, भाऊ सांगेन सांगेन म्हणत गेला, आता मीच सांगते. हसायचं कुणाला ते तरी कळू दे एकदा.

सभागृह खच्चून भरलेलं. मागे पुठ्ठ्याचा शनी टांगलेला. माइकसमोर उभी राहिली आणि सवयीनं तिनं चष्मा पुसला. तिथंच पहिला हशा.

"वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली, आणि सभागृह कोसळलं. ती थांबली. "प्रत्येक पुस्तकाच्या आधी तो मला दिवस विचारायला यायचा."

लोकांनी मांड्या बडवल्या.

"ग्रहांना तो माझ्याहून जास्त भ्यायचा. मी जा म्हणत होते आणि तो मंगळ सरकायची वाट बघत बसला. त्यातच मेला."

मागून कुणीतरी टाळी वाजवली, आणि मग हशा, टाळ्याच टाळ्या. तिचा तोल गेला. "हसू नका," ती ओरडली, आणि पुढचं "खरं सांगतेय" अख्ख्या सभागृहानं तिच्याबरोबर एका सुरात म्हटलं.

खाली उतरली तेव्हा भाची धावत आली, गळ्यात पडली. हसून हसून पोरीचे डोळे गळत होते. बाप गेल्यापासून ती आज पहिल्यांदा हसत होती.

"आत्या, अगदी बाबांनी लिहून दिल्यासारखं बोललीस."

तिनं भाचीचे दोन्ही हात घट्ट धरले. निदान हिला तरी कळायला हवं.

"वाईट वाटून घेऊ नकोस गं, पण..." ती म्हणाली, आणि भाची पुन्हा हसायला लागली.