अंगठ्याने पुसलेले रूळ

पूर्णेच्या अनुपमाबाई सकाळच्या पॅसेंजरने चुडाव्याला उतरतात, तेव्हा त्यांच्या काखेत खाकी कागदांची गुंडाळी असते. वडील लिंगराज यांचं पूर्णेत किराणा दुकान. पुडे बांधून उरलेला कागद शाळेत येतो. जिल्हा परिषदेच्या शाळेत त्या सहावी-सातवीला शिकवतात. अकरा वर्षांत, आधी खिडकीतून आणि मग वर्गात जाऊन, मी त्यांना खुर्चीवर बसलेलं पाहिलं नाही. मला कुणाची स्तुती करायची सवय नाही. पाहिलं ते सांगतो.

मी बन्सीधर. चौतीस वर्षं रेल्वेच्या रूळ सांभाळणाऱ्या गँगमध्ये काढली. शेवटची बारा वर्षं मेट होतो, म्हणजे गँगचा मुकादम. निवृत्त झाल्यावर बाईंनी मला वर्गात बोलावलं. त्या पीएच.डी. करत होत्या. पोरांना चित्र वाचता येतं का, आणि आधी नीट बघायला शिकवलं तर फरक पडतो का, हा त्यांचा विषय. नकाशातली नदी पोरांना रस्ता वाटते. आकृतीतला बाण खरोखरचा बाण वाटतो. अक्षरं शिकवायला आपण वर्षं घालतो आणि चित्र आपोआप कळेल असं धरून चालतो, असं बाई म्हणत. म्हणून ज्यांचं काम नजरेवर चालतं, अशा माणसांना त्या शाळेत आणत.

माझं काम नजरेचंच होतं. रूळ कुठे दबलाय, कुठे सरकलाय, हे मेट उकिडवा बसून बघतो. गाल रुळाजवळ न्यायचा, एक डोळा मिटायचा आणि लांबवर बघायचं. केसाएवढा वाक दिसला तरी हाताने खूण करायची. पहारवाले तिकडे जोर लावतात. स्टेशनमास्तरांना विचारून, लाल झेंडी हातात धरून मी पोरांना फलाटाच्या टोकाला नेलं आणि हे दाखवलं. दुसऱ्या दिवशी बाईंनी त्यांना रूळ काढायला सांगितले.

शिवकन्या नावाची सहावीतली मुलगी. तिने काढलेले रूळ, मधल्या आडव्या पट्ट्यांसकट, वर जाता जाता जवळ आले होते आणि टोकाला एकच झाले होते. मला राग आला. म्हणालो, "पोरी, ही गाडी पाडायची कामं हायत. रूळ जवळ येत न्हाईत. दोन रुळांतलं गेज म्हंजे गेज."

अंगठा जिभेला लावला, तिच्या रेघा पुसल्या आणि पट्टीने दोन सरळ रेघा मारून दिल्या. दोन्हींतलं अंतर वर-खाली सारखं. वर्ग हसला.

ती खाली बघून म्हणाली, "मेट आजोबा, मला तसंच दिसलं."

बाईंनी तिला नवा कागद दिला नाही. मला बोलल्याही नाहीत. परत सगळ्यांना फलाटाच्या टोकाला नेलं आणि म्हणाल्या, "बन्सीमामा, आता दोन्ही रूळ एकदम बघा."

बघितलं. लांब, सिग्नलच्या पलीकडे, ते एक झाले होते.

चौतीस वर्षं मी एकेक रूळ बघितला होता. अंतर डोळ्याने बघायचं कामच नव्हतं, ते गेजपट्टीने मोजायचं. दोन्ही रूळ एकदम मी कधी बघितलेच नव्हते. मी सगळ्या वर्गासमोर शिवकन्येची माफी मागितली.

तो कागद बाईंनी जपून ठेवला. वर माझ्या सरळ रेघा, त्यांच्यामध्ये थुंकीचा काळपट डाग आणि डागाखालून अजून दिसणाऱ्या तिच्या रेघा. त्यांच्या प्रबंधातलं पहिलं चित्र ते. सवयीची नजर कामापुरतंच बघते, हे त्यांनी त्या एका कागदावरून मांडलं होतं. पाच वर्षांत असे दोनशे चौदा कागद जमले. प्रत्येकामागे तारीख, पोराचं नाव आणि पोरगं काय बोललं ते.

मे महिन्यात आम्ही परभणीला त्यांच्या गाईडकडे गेलो. गठ्ठा जड होता म्हणून मी सोबत. तीस जूनच्या आत सरांची सही झाली नाही तर नोंदणी रद्द होणार होती. सरांनी दोन तास बाहेर बसवलं. मग पहिला कागद उलटा धरला आणि म्हणाले, "शिडी चांगली काढली आहे."

बाईंनी कागद फिरवून त्यांच्या हातात दिला.

मग सरांनी समजावलं. चित्रं म्हणजे संशोधन नव्हे. टक्केवारीचे तक्ते द्या. फारच वाटलं तर चार चित्रं शेवटी जोडा, तीही संगणकावर स्वच्छ काढून घ्या. आणि हा मळका कागद काढूनच टाका.

चित्र वाचण्यावरच्या प्रबंधाचा हा मार्गदर्शक. आमच्या गँगमध्ये नवा आलेला माणूसही पहार उलटी धरत नव्हता. मी म्हणालो, "साहेब, तो डाग माझ्या अंगठ्याचा हाय. तो काढला तर चूक कुणाची म्हून दाखवनार?"

त्यांनी मला बाहेर बसायला सांगितलं.

परतीच्या गाडीत मीच बाईंना म्हणालो, देऊन टाका त्याला स्वच्छ चित्रं. सही घ्या, पदवी घ्या, खरे कागद घरी ठेवा. पाच वर्षांची मेहनत मला डोळ्यांसमोर दिसत होती.

मिरखेल स्टेशन मागे गेल्यावर बाई म्हणाल्या, "मामा, गेज जुळत नसताना वहीत 'ठीक' लिहा म्हणून तुमाला कुणी सांगितलं, तवा तुमी काय केलं?"

मी लिहिलं नव्हतं. शिक्षा म्हणून तीन महिने दुसऱ्या गँगमध्ये पहार मारली, पण लिहिलं नाही. हे मीच वर्गात फुशारकीने सांगितलं होतं. पूर्णेला मी गठ्ठा उचलला आणि त्यांच्या मागोमाग उतरलो.

तीस जून गेला. नोंदणी रद्द झाली. शाळेतलेच एकजण म्हणाले, चित्रं काढून कुणी डॉक्टर झालंय का. या गुरुजींचा भूगोलाचा तास मी खिडकीतून ऐकलेला आहे. नकाशा गुंडाळलेलाच असतो. सरांच्या सहीने त्या वर्षी दोन प्रबंध पुढे गेले असं कळलं. मी ते वाचलेले नाहीत, म्हणून त्यांच्याबद्दल बोलत नाही. पण कागद उलटा धरलेला मी बघितला आहे, आणि ते मी कुणापुढेही सांगेन.

यंदा बाईंनी दुसरीकडे नाव नोंदवलं. तिथल्या गाईड मॅडमनी जुना गठ्ठा आधी मागवून घेतला, एक दिवस ठेवून बघितला. मळका कागद पहिला राहील, असं कळवलं. बाकीचं काम मात्र नियमाने नव्याने करायचं. सगळं पहिल्यापासून.

गेल्या सोमवारी बाई मला फलाटाच्या टोकाला घेऊन गेल्या. खाकी कागद आणि पेन्सिल दिली. दिसतंय तसे रूळ काढा म्हणाल्या. पहारीचा हात आहे माझा. दोन रेघांना चाळीस मिनिटं लागली, आणि उजवा रूळ मध्येच पोट काढून बसला. मी अंगठा जिभेला लावला.

बाईंनी कागदावर हात ठेवला.

मी अंगठा धोतराला पुसला. मग त्यांनी कागदामागे तारीख घातली आणि माझं नाव लिहिलं.