लिफ्ट पाचव्यावर थांबते

माझ्या बायकोनं, शालननं, शेवटचं काय केलं, तर बाजारातून कोथिंबीर आणली. इथं परदेशात, चोआ चू कांगच्या आमच्या इमारतीत, लिफ्ट पाचव्यावर थांबते, मग एकदम नवव्यावर. आम्ही सातव्यावर. मधल्या जिन्यात तिचं लाल प्लास्टिकचं स्टूल. तिथं ती दम खायची, आणि नुसतं बसवत नाही म्हणून भाजी निवडायची. त्या दिवशीही बसली. "अहो, पुढं व्हा, भात लावा. जुडी झाली की आलेच." आली. जेवलीही. संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, स्ट्रेचरवाल्यांनी दोन मजले हातांवर उतरवली... नोव्हेनाच्या इस्पितळातून मात्र परत आली नाही.

मी चौथी शिकलेला, शिपयार्डात वेल्डिंग केलेला माणूस. कायदे मला कळत नाहीत, माणसं कळतात. जुन्या इमारतींत प्रत्येक मजल्यावर लिफ्ट थांबवायची सरकारी योजना आली, ती शेजारच्यांना मिळाली. आमच्याकडे एका लिफ्टमागं घरं कमी, म्हणून खर्च नियमात बसेना. गुडघे कुठल्या नियमात बसतात ते कोणी सांगितलं नाही. शालन दर आठवड्याला खासदाराच्या भेटीच्या रांगेत जाऊन बसायची. एकदा बेसनाचे लाडू घेऊन गेली. आपल्यात कोणाकडं काम घेऊन रिकाम्या हातानं जात नाहीत. टेबलावरची बाई डब्याला हात लावेना. "नो गिफ्ट, आंटी. कॅनॉट लाह." म्हणजे चालणार नाही. शालन डबा घेऊन परत आली, स्टुलावर बसली, एक लाडू मला दिला. "लाच आहे, जपून खा," म्हणाली.

आमचा महेश चांगी बिझनेस पार्कात बँकेत आहे, घरकर्जाच्या खात्यात. सरकारनं कर्जाचे नियम आवळले तेव्हा त्याच्या साहेबांनी आणि बिल्डरांनी मिळून सरकारी माणसांना हॉटेलात बोलावलं, पडद्यावर चित्रं दाखवली, जेवू घातलं. त्याला सेमिनार म्हणतात. पुढं कधीतरी नियम जरा सैल झाले, तर हा पेढे घेऊन घरी हजर. "बाबा, आमचं ऐकलं त्यांनी."

शालननं विचारलं, "जेवायला काय होतं रे?"

"खूप होतं आई. मासे, खेकडे, सगळं."

"ते पचलं, आणि माझा लाडूच तेवढा जड झाला? मग आता लिफ्टचंही सुचव त्यांना."

"आई, तसं नसतं गं. इट्स अ बजेट थिंग."

तिनं पेढा बशीत तसाच ठेवला. बजेट म्हणे. ज्याला टाय आहे त्याच्यासाठी ते रबरासारखं ताणतं, जिन्यात धापा टाकणाऱ्या बाईसाठी लोखंडाचं होतं. लोखंड मी जन्मभर वाकवलंय... ही माणसं नाही वाकत. तिच्या तेराव्याला खासदाराच्या नावानं फुलांचं मोठं चक्र आलं. आणणारा पाचव्यापासून ते खांद्यावर घेऊन चढला, दारात घाम पुसत उभा राहिला. मी त्याला पाणी दिलं. चक्र दाराबाहेरच ठेवलं.

ती गेली त्याच्या दुसऱ्या सकाळी मी फुलं आणायला खाली गेलो होतो. परत येताना जिन्यात झाडूवाला तिचं स्टूल उचलत होता. मोडक्या हिंदीत म्हणाला, अंकल, ऑफिसनं सांगितलंय, जिन्यात काही ठेवायचं नाही. त्याचा काय दोष. मी स्टूल त्याच्या हातातून घेतलं, होतं तिथं ठेवलं. खाली कोथिंबिरीच्या काड्या पडल्या होत्या. मी फुलं मांडीवर घेऊन त्यावर बसलो आणि म्हटलं, "आता उचल."

त्यानं झाडू उचलला. मग माझ्या पायांच्या बाजूनं झाडत झाडत खाली गेला. स्टुलाखालच्या काड्या तेवढ्या राहिल्या.